राज्य केव्हा येणार?

बलिप्रतिपदेच्या सकाळी आमच्या घरी एक गोष्ट न चुकता होते. ओवाळणे झाले की घरातली वडीलधारी बाई तबक खाली ठेवते आणि म्हणते, ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो.’ आधी आजी म्हणायची, मग आई म्हणू लागली, आता सौभाग्यवती म्हणते. इतक्या दिवाळ्या मी हे वाक्य ऐकत आलो. पण बळीचे राज्य यायचे ते नक्की केव्हा, हा प्रश्न मला कधी पडला नाही. येईल तेव्हा येईल. तोवर चहा निवतो आहे, ही गोष्ट जास्त निकडीची!

गेल्या पाडव्याला मात्र हा प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला, आणि तोही भलत्याच वाटेने.

आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक ख्रिस्ती गृहस्थ राहतात. मूळचे नगरकडचे. सारी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली, म्हणून सगळी इमारत त्यांना गुरुजी म्हणते. पाडव्याला ते आमच्याकडे फराळाला येतात आणि नाताळात आम्ही त्यांच्याकडे करंज्या खायला जातो. हा रिवाज गुरुजींच्या पत्नी होत्या तेव्हापासूनचा. त्या जाऊन आता चार वर्षे झाली, पण रिवाज चालू आहे. या खेपेला गुरुजींबरोबर त्यांची आठवीतली नात होती. सौभाग्यवतीचे ते वाक्य तिने ऐकले आणि हातातली चकली तशीच ठेवून विचारले,

“आजोबा, काकू म्हणाल्या बळीचं राज्य येवो. आपण रोज प्रार्थनेत म्हणतो देवाचं राज्य येवो. मग ते येणार तरी कधी? फोनवर एक माणूस सांगत होता, येत्या मार्चमध्ये. जगाचा शेवट होणार आणि राज्य येणार. बायबलात तारीख दिलीय म्हणे.”

“म्हणजे वार्षिक परीक्षेच्या आधीच! बरं झालं की!” मी म्हणालो. सगळे हसले. पोरगी हसली नाही. मग माझ्या लक्षात आले की ती खरोखरच घाबरली आहे.

गुरुजींच्या ते आधीच लक्षात आले होते. ते म्हणाले, “हसू नका बरं. या एका प्रश्नापायी माणसांनी शेतं सोडलीत, दुकानं वाटून टाकलीत, रात्र रात्र जागून काढल्यात. तिला नीट सांगू या.”

त्या दिवशी जे बोलणे झाले, आणि त्यानंतर कुतूहलाने मी जे वाचले, ते दोन्ही मिळून आजचे हे सदर.

‘मशीहा’ हा शब्द हिब्रू. अर्थ ‘अभिषिक्त’, म्हणजे ज्याच्या मस्तकावर तेल ओतून त्याला राजा केले तो. त्याचे ग्रीक भाषांतर ‘ख्रिस्तोस’, आणि त्यावरून ‘ख्रिस्त’. तेव्हा येशू ख्रिस्त या नावातला ख्रिस्त हे आडनाव नव्हे. ती पदवी आहे. ‘येशू हाच तो अभिषिक्त राजा’ असे एक संपूर्ण विधान त्या दोन शब्दांत भरले आहे.

या राजाची वाट प्रथम पाहिली ती ज्यू लोकांनी. इसवी सनापूर्वी ५८६ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेम घेतले, मंदिर जाळले आणि लोकांना धरून नेले. राज्य गेलेल्या त्या लोकांना धीर दिला तो संदेष्ट्यांच्या वचनांनी. दाविदाच्या वंशात एक राजा येईल, तो न्यायाने राज्य करील, माणसे तलवारी मोडून नांगराचे फाळ करतील, लांडगा कोकराशेजारी राहील, असे चित्र यशयाच्या ग्रंथात आहे. ज्यू समाज आजही त्या राजाची वाट पाहतो. फार लांब जायला नको. आपल्या कोकणातले बेने इस्राएल घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी ज्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, तेच हे लोक. मशीहाच्या आधी एलीया हा संदेष्टा येईल, असे ज्यूंचे जुने वचन आहे. आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावी एका खडकावर त्याच एलीयाच्या रथाच्या खुणा आहेत, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. नवस फेडायला लोक आजही तिथे जातात.

ख्रिस्ती लोक म्हणाले, राजा आला, तो येशू. पण मग एक अडचण उभी राहिली. राजा आला, तर तलवारींचे फाळ का झाले नाहीत? लांडगा अजून कोकरू का खातो? यावर ख्रिस्ती उत्तर असे की वचनाचा अर्धा भाग पुरा झाला आहे आणि उरलेला अर्धा, राजा पुन्हा येईल तेव्हा पुरा होईल. ख्रिस्ती धर्माची दोन हजार वर्षे या उरलेल्या अर्ध्या भागाची वाट पाहण्यात गेली आहेत. ‘केव्हा?’ हा प्रश्न तिथून सुरू होतो.

बायबलात या प्रश्नाची दोन मोठी आगरे आहेत. एक दानीएलाचा ग्रंथ. त्यात बाबिलोनच्या राजाला स्वप्न पडते: एक प्रचंड पुतळा, डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे आणि पावले लोखंड-मातीच्या मिश्रणाची. कोणाचाही हात न लागता सुटलेला एक धोंडा येतो, पुतळ्याच्या पावलांवर आदळतो, सारा पुतळा भुसा होऊन उडून जातो आणि त्या धोंड्याचा पृथ्वीभर पसरणारा डोंगर होतो. जुन्या ख्रिस्ती टीकाकारांनी अर्थ लावला तो असा: सोने म्हणजे बाबिलोन, रुपे म्हणजे इराण, पितळ म्हणजे ग्रीस, लोखंड म्हणजे रोम आणि धोंडा म्हणजे देवाचे राज्य. आता गंमत पहा. रोम पडले, त्यालाही शतके लोटली, पण प्रत्येक पिढीला वाटत राहिले की आपण त्या पुतळ्याच्या पायाच्या बोटांशीच उभे आहोत. धोंडा आता सुटणारच!

दुसरे आगर म्हणजे बायबलातले शेवटचे पुस्तक, प्रकटीकरण. त्याच्या विसाव्या अध्यायात ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याचा उल्लेख आहे. या हजार वर्षांवरून ख्रिस्ती पंडितांचे जे तीन तट पडले, ते आजतागायत एक झालेले नाहीत. गुरुजींनी ते लग्नघराच्या दाखल्याने समजावले.

पहिला तट म्हणतो, आधी नवरदेव येणार आणि मगच मेजवानी. म्हणजे ख्रिस्त स्वतः येईल, दुष्टांचा मोड करील आणि मग पृथ्वीवर हजार वर्षे राज्य करील. दुसऱ्या शतकातल्या जस्टिन आणि आयरेनिअस यांच्यासारख्या जुन्या आचार्यांचे मत असे होते. दुसरा तट म्हणतो, आधी मांडव घाला, सारवण करा, पाहुण्यांचे पाहा. सगळे सिद्ध झाले की नवरदेव येईल. माणसांनी धर्मप्रसार करावा, अन्याय दूर करावा, जग सुधारावे; राज्य असे हळूहळू येते आणि शेवटी राजा येतो. एकोणिसाव्या शतकातल्या पुष्कळ सुधारकांना या विचाराने बळ दिले. १९१४ च्या महायुद्धाने मात्र त्या मांडवाला आग लावली. तिसरा तट म्हणतो, लग्न कधीच लागले आहे, वरात तेवढी यायची आहे! हजार हा आकडा शब्दशः घ्यायचा नाही. ख्रिस्ताचे राज्य त्याच्या पहिल्या येण्यातच सुरू झाले. हे मत पक्के केले संत ऑगस्टिन यांनी. ४१० साली रोम लुटले गेले तेव्हा लोक हवालदिल झाले. त्यानंतर ऑगस्टिन यांनी ‘देवाचे नगर’ हा आपला प्रचंड ग्रंथ लिहिला. कोणतेही पृथ्वीवरचे साम्राज्य म्हणजे देवाचे राज्य नव्हे, तेव्हा रोम पडले म्हणून देवाचे राज्य पडले असे समजू नका, हे त्यातले मुख्य सांगणे. पुढची हजार वर्षे युरोपातल्या मुख्य मंडळींनी तेच मानले.

पण लग्नघरात एखादा पाहुणा असतोच, ज्याला कशाचाच धीर निघत नाही. जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात १५३४ साली एका पंथाने सत्ता हाती घेतली आणि हेच नवे यरुशलेम असे जाहीर केले. त्यांच्या पुढाऱ्याने ईस्टरची तारीख सांगितली होती. ती आली, आणि तो मूठभर माणसांनिशी वेढा घातलेल्या फौजेवर चालून गेला आणि मारला गेला. मग दुसरा पुढारी, लायडनचा यान, स्वतःच राजा झाला. लोकांची मालमत्ता सर्वांची म्हणून जमा झाली, विरोध करणाऱ्यांची मुंडकी उडाली, वेढ्यात लोक अन्नावाचून मेले. १५३५ च्या जूनमध्ये शहर पडले. पुढाऱ्यांना हालहाल करून मारले आणि त्यांची प्रेते लोखंडी पिंजऱ्यांत घालून चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. ते तीन पिंजरे आजही तिथे लटकत आहेत. राज्य आपल्या मनगटाने ओढून आणता येते, असे ज्यांना वाटले त्यांची ही गोष्ट.

“पण तारीख काढणारी सगळी माणसं अशी भडक डोक्याची नव्हती,” गुरुजी म्हणाले. “न्यूटननं दानीएलावर ग्रंथ लिहिलाय. तो वारल्यावर १७३३ साली छापला गेला. त्याच्या हस्तलिखितांत तर आकडेमोड आहे की २०६० च्या आधी काही शेवट होत नाही.”

नातीने मनातल्या मनात काहीतरी वजाबाकी केली. तिचा चेहरा किंचित उजळला.

“आता तुला मिलरची गोष्ट सांगतो,” गुरुजी म्हणाले. “तो माझ्यासारखाच साधा माणूस होता.”

विल्यम मिलर हा अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या लो हॅम्प्टन गावचा शेतकरी. जन्म १७८२. इंग्रजांविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात कप्तान म्हणून लढला. आधी त्याचा बायबलावर विश्वास नव्हता. १८१६ च्या सुमारास मन पालटले, आणि तो एकेक वचन, एकेक शब्द ताडून बायबल वाचू लागला. वाचता वाचता दानीएलाच्या आठव्या अध्यायात तो अडखळला. तिथे म्हटले आहे की दोन हजार तीनशे संध्याकाळ-सकाळ लोटतील आणि मग पवित्रस्थान शुद्ध होईल. संदेष्ट्यांच्या भाषेत एक दिवस म्हणजे एक वर्ष, असा जुना संकेत होता. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे येणे, असे मिलरने धरले. मोजायला सुरुवात कोठून करायची? इराणच्या राजाने यरुशलेम पुन्हा वसवण्याची आज्ञा दिली तिथून, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५७ पासून.

गुरुजींनी वाण्याकडची एक कोरी पावती ओढली आणि नातीपुढे ठेवली. “कर वजाबाकी. २३०० तून ४५७.”

“१८४३.”

“मिलरचंही तेच उत्तर आलं. पण एक चूक आहे. इसवी सनापूर्वी १ या सालानंतर कोणतं साल येतं?”

“शून्य?”

“शून्य साल नाहीच. एकदम इसवी सन १. म्हणून एक वर्ष वाढवायचं. १८४४.”

गणिताच्या मास्तरांनी सांगितले तेव्हा मला प्रथम कळले की जगाच्या शेवटालाही हातचा एक धरावा लागतो!

मिलरने हा हिशेब १८१८ च्या सुमारास केला, पण तेरा वर्षे तो बोलला नाही. आपले चुकत असेल तर, अशी त्याला धास्ती होती. १८३१ साली गावच्या आग्रहामुळे पहिले व्याख्यान दिले आणि मग तो थांबू शकला नाही. पुढे बोस्टनच्या जोशुआ हाइम्स या धर्मोपदेशकाने १८४० साली त्याच्या मतांचे पत्र काढले. दानीएलाच्या पुतळ्याची आणि श्वापदांची चित्रे असलेले मोठाले तक्ते छापले गेले. मोठे तंबू ठोकून सभा भरू लागल्या. अनुयायी किती झाले? ५० हजारांपासून १ लाखापर्यंत अंदाज केले जातात. मिलर तारीख सांगत नसे. १८४३ च्या २१ मार्चपासून १८४४ च्या २१ मार्चपर्यंत केव्हातरी, एवढेच त्याचे म्हणणे. तो काळ उलटला. लोक हिरमुसले, पण टिकून राहिले. मग १८४४ च्या ऑगस्टात एका सभेत सॅम्युएल स्नो नावाच्या अनुयायाने ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसावरून नेमकी तारीख मांडली: २२ ऑक्टोबर १८४४. वणवा पेटावा तशी ती तारीख पसरली. खुद्द मिलरने ती अगदी अखेरीला, दोन-अडीच आठवडे उरले तेव्हा मान्य केली.

त्या शरद ऋतूत काहींनी पीक शेतातच उभे ठेवले. दुकानदारांनी दुकाने बंद केली, लोकांनी जुनी देणी चुकवली, भांडलेल्यांनी एकमेकांची क्षमा मागितली. हे लोक पांढरे झगे घालून डोंगरावर चढून बसले होते, असे चेष्टेखोर लोक पुढे सांगत. अभ्यासकांना मात्र त्याला धड पुरावा सापडला नाही. चेष्टा करणाऱ्यांना झगे शिवायला वेळ लागत नाही.

या साऱ्यात मला चटका लावून गेली ती चार्ल्स फिच याची हकीकत. ते चित्रांचे तक्ते काढण्यात याचाच मोठा हात. ऑक्टोबरच्या गारठ्यात थंड पाण्यात उभे राहून त्याने लोकांना बाप्तिस्मे दिले, ताप भरला, आणि १४ ऑक्टोबरला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी तो गेला. ठरलेल्या तारखेला आठ दिवस उरले होते. त्याच्या बायकोने फारसा शोक केला नाही, असे सांगतात. का करावा? राजा आला की मेलेले उठणार. आठ दिवसांत भेट होणारच होती.

हे सांगताना गुरुजी क्षणभर थांबले. त्यांच्या नातीने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा सौभाग्यवतीकडे पाहिले. कोणी काही बोलले नाही. मला इतका वेळ हा हिशेब म्हणजे एक विक्षिप्त कोडे वाटत होते. तेव्हा कळले की ‘केव्हा?’ असे विचारणारा माणूस नेहमी जगाच्या शेवटाबद्दल विचारीत नसतो. पुष्कळदा तो एकाच माणसाबद्दल विचारीत असतो.

२२ ऑक्टोबरचा दिवस उजाडला. घरोघरी लोक एकत्र बसले. दिवस मावळला. मध्यरात्र झाली. कोणी आले नाही. पोर्ट गिब्सन या गावी हायरम एडसन या शेतकऱ्याकडे जमलेले लोक पहाटेपर्यंत रडत होते, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या धर्मेतिहासात या दिवसाला ‘मोठी निराशा’ असेच नाव पडले.

आणि २३ ऑक्टोबर उजाडला. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. भाकीत करणे सोपे असते. भाकीत चुकल्यानंतरची सकाळ कठीण. गावातली पोरे हाक मारून विचारीत होती, ‘काय, अजून गेला नाहीत का वर?’ शेते तशीच पडलेली. हिवाळा तोंडावर आलेला.

कित्येक जण धर्मच सोडून गेले. कित्येक जण निमूट आपापल्या जुन्या मंडळीत परतले. काहींनी पुन्हा नव्या तारखा काढल्या. मिलरला त्याच्या गावच्या बाप्टिस्ट मंडळीने काढून टाकले. त्याने आपला हिशेब चुकला हे उघडपणे मान्य केले, आणि राजा येणार हा विश्वास मात्र सोडला नाही. १८४९ च्या डिसेंबरात तो वारला. एडसनने त्या सकाळी कोठारात जाऊन प्रार्थना केली आणि मग निराश झालेल्या दुसऱ्या लोकांना धीर द्यायला म्हणून तो मक्याच्या शेतातून निघाला. तिथे त्याच्या मनात आले, तारीख बरोबर असेल, पण घटना आपण चुकीची धरली. ते पवित्रस्थान पृथ्वीवरचे नसून स्वर्गातले असेल. यात सोयीस्कर पळवाट पाहायची की श्रद्धेचा तग पाहायचा, हे ज्याने त्याने ठरवावे. या विचाराभोवती जमलेल्या माणसांतून १८६३ साली सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट हा पंथ उभा राहिला. आज जगभर त्याचे दोन कोटींहून अधिक सभासद आहेत.

या पंथात लिओनार्ड हेस्टिंग्ज नावाच्या शेतकऱ्याची एक गोष्ट सांगतात. त्याने श्रद्धेपायी बटाटे काढलेच नाहीत. शेजारी हसले. त्या साली बटाट्यावर रोग पडला होता. ज्यांनी वेळेवर काढले त्यांचे बटाटे साठवणीत सडले, आणि हेस्टिंग्जने निराशेनंतर उशिरा काढलेले बटाटे धड निघाले. वसंत ऋतूत बियाण्यासाठी ते चढ्या भावाने विकले गेले. गोष्ट गोड आहे. पण मला त्यातली एकच बाब महत्त्वाची वाटते: राजा आला नाही, तेव्हा हेस्टिंग्ज कुदळ घेऊन शेतात गेला.

पुढे या पंथाने तेच केले. देह म्हणजे देवाचे मंदिर, म्हणून तंबाखू-दारू वर्ज्य; शाकाहाराचा पुरस्कार; दवाखाने; शाळा. त्यांच्या बॅटल क्रीक येथील आरोग्यधामात डॉक्टर जॉन केलॉग रुग्णांसाठी हलक्या आहाराचे प्रयोग करीत. धान्याचे पोहे लाटून भाजण्याची युक्ती केलॉग बंधूंना तिथेच सापडली, आणि मुले शाळेत जाताना दुधात घालून खातात ते कॉर्नफ्लेक्स त्यातूनच निघाले. डॉक्टरांचे आणि पंथाचे पुढे बिनसले, तो भाग वेगळा. पुणेकरांना तर याहून जवळची खूण सांगता येईल. औंधकडचे स्पायसर महाविद्यालय, ज्याचे आता विद्यापीठ झाले आहे, ते याच पंथाचे. १८४४ च्या त्या रात्री जग संपणार म्हणून बसलेल्या माणसांच्या वारसांनी शंभर वर्षांच्या आतच पुण्यात महाविद्यालय चालवावे, ही कोणत्याही भाकितात न बसणारी गोष्ट आहे.

“मग त्या २३०० दिवसांचा खरा अर्थ काय?” मी विचारले.

गुरुजी म्हणाले, “माझ्या पंथातले सगळे मान्य करणार नाहीत, पण आजचे बहुतेक बायबल-अभ्यासक सांगतात ते ऐका.” अभ्यासकांचे म्हणणे असे: दानीएलाच्या ग्रंथाला आजचे रूप मिळाले ते इसवी सनापूर्वी १६५ च्या आसपास. तेव्हा अँटायोकस हा ग्रीक राजा ज्यूंना छळीत होता. त्याने १६७ साली यरुशलेमचे मंदिर विटाळले आणि रोजचे यज्ञ बंद पाडले. यज्ञ सकाळ-संध्याकाळ होत. २३०० संध्याकाळ-सकाळ म्हणजे तितके यज्ञ चुकले, म्हणजे ११५० दिवस. तीन वर्षांहून थोडे अधिक. छळ सोसणाऱ्यांना ग्रंथकार सांगत होता, थोडा धीर धरा, हे संपेल. आणि ते संपले. १६४ साली ज्यूंनी मंदिर परत घेतले, शुद्ध केले, दिवे लावले. त्याची आठवण म्हणून ज्यू लोक आठ दिवस दिवे लावून हनुक्का साजरा करतात. तोही दिव्यांचाच सण.

आमच्या खिडकीतला आकाशकंदील हलत होता. नातीने वर पाहिले आणि म्हणाली, “म्हणजे ती तारीख आपल्यासाठी नव्हतीच?”

“तारीख त्यांच्यासाठी होती. धीर आपल्यासाठी,” गुरुजी म्हणाले.

तरीही माणसाला तारखेचा मोह सुटत नाही. २०११ सालीच अमेरिकेतल्या हॅरल्ड कॅम्पिंग या वृद्ध नभोवाणी-उपदेशकाने २१ मे ही तारीख सांगितली. ती हुकल्यावर २१ ऑक्टोबर सांगितली. लोकांनी आयुष्याची पुंजी त्या प्रचाराच्या फलकांत घातली. दुसऱ्या वर्षी त्याने आपली चूक कबूल केली. पुंजी कोणाला परत मिळणार?

आपल्याकडेही ही वाट पाहणे जुने आहे, पण त्याचा रंग निराळा आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथाचे पहिले पुराण म्हणजे तारणाऱ्याची वाट पाहणाऱ्यांचीच कथा. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी तर अखेरच्या दिवसांत तारीख काढण्याऐवजी काम काढले. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे ख्रिस्ताचे सगळे भक्त त्यात भावंडांसारखे बसावेत, हा हेतू. दोनच वर्षांनी टिळक गेले. पण दरबार भरायला राजाची स्वारी येईपर्यंत थांबायचे नाही, जागा झाडून बसायला सुरुवात करायची, हे त्यांचे करणे मला फार मराठी वाटते. आपल्या आयाही पाहुणा केव्हा येणार हे विचारीत बसत नाहीत. मूठभर तांदूळ जास्त टाकतात.

गुरुजी उठायच्या बेतात होते. मी म्हटले, “पण गुरुजी, तुमचं स्वतःचं काय? तुम्ही वाट पाहता की नाही?”

“पाहतो की,” ते म्हणाले. “ही गेली त्या रात्री मीही विचारलं, केव्हा? फार कळवळून विचारलं. उत्तर आलं नाही. सकाळी ही पोरगी उठली आणि म्हणाली, आजोबा, डबा. मग डबा केला. मला पोळी लाटता येत नव्हती, ती त्या वर्षी शिकलो.” मग नातीकडे वळून म्हणाले, “तो दिवस कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांनाही नाही, असं येशूनं स्वतः सांगून ठेवलंय. फोनवरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? आणि त्याच अध्यायात त्यानं एका चाकराची गोष्ट सांगितली आहे. धनी परगावी गेलाय. परत येईल तेव्हा कोणता चाकर त्याला आवडेल? दारात उभा राहून वाट मोजणारा नव्हे. घरच्या माणसांना वेळेवर जेवायला वाढणारा.”

पोरगी थोडा वेळ गप्प होती. मग तिने ती पावती, १८४४ च्या हिशेबाची, घडी घालून बाजूला ठेवली, फराळाचे ताट उचलले आणि आधी सौभाग्यवतीपुढे धरले. सगळ्यांना वाढणारी ती बाई सकाळपासून स्वतः उपाशी होती, हे आम्हा थोरामोठ्यांपैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

परीक्षा मार्चमध्ये ठरल्याप्रमाणे झाली. गणितात तिला बरे गुण मिळाले, असे ऐकतो.